कर्जदाराची वाट : दुआ, हिशेब आणि कायद्याचा आधार



एका रात्री इशाच्या नमाजनंतर मशिदीतील एक नियमित नमाजी माझ्याजवळ येऊन बसले. व्यवसायाने शिंपी. खिशातून त्यांनी एक बंद पाकीट काढले आणि म्हणाले, "मौलाना, घरासाठी दुआ करा." मी कर्जमुक्तीसाठी प्रेषितांनी (स.) शिकविलेली दुआ त्यांना सांगितली, सब्र करण्यास सांगितले आणि निरोप दिला. पाकीट मात्र उघडून पाहिले नाही. काही दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हा आम्ही दोघांनी ते उघडले. ती बँकेची 60 दिवसांची नोटीस होती आणि त्यांपैकी 38 दिवस उलटून गेले होते. दुआ शिकवण्यात माझी चूक नव्हती; तेवढ्यावरच थांबण्यात होती. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण मी कितीतरी वेळा मिंबरवरून सांगितली आहे. त्या रात्री तीच मी विसरलो. हा पाठ त्या विस्मरणाची भरपाई म्हणून लिहीत आहे.

कर्जाविषयी दीनची शिकवण

पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत नमाज किंवा रोजाविषयी नाही. ती कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे (सूरह अल्-बकरा, 282). मुदत ठरवावी, न्यायाने लिहिणारा लेखक असावा, साक्षीदार असावेत, आणि मजकूर देणेकऱ्याने स्वतः सांगावा, अशी तिची रचना आहे. या शेवटच्या मुद्द्याकडे लक्ष द्या. ज्याच्यावर बोजा येणार आहे, त्याला आपण काय मान्य करीत आहोत हे पूर्णपणे ठाऊक असले पाहिजे. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही करणे आणि कोरे धनादेश सावकाराच्या हाती देणे या आयतीच्या नेमके विरुद्ध आहे.

त्याच सूरहच्या 280 व्या आयतीत, देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड मिळेपर्यंत मुदत द्यावी आणि माफ करता आले तर ते अधिक चांगले, असा आदेश आहे. परंतु दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. ऐपत असताना टाळाटाळ करणे हा जुलूम आहे, असे प्रेषितांनी (स.) बजावले आहे. म्हणजे देणेकरी दोन प्रकारचे असतात : एक देऊ शकत असूनही न देणारा, दुसरा देऊ इच्छीत असूनही देऊ न शकणारा. शरीअत पहिल्याला रोखते आणि दुसऱ्याला सावरते. आपण कोणत्या रांगेत आहोत, हे ज्याने त्याने प्रथम अल्लाहसमोर प्रामाणिकपणे ठरवावे.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. व्याजाचा व्यवहार हराम आहे आणि कायद्याचे साहाय्य घेतल्याने तो हलाल होत नाही. पण जो त्यात अडकला आहे त्याला मशिदीच्या दारात टोमणे मारल्याने त्याची सुटका होत नाही. तो फक्त पाकीट लपवायला शिकतो. तौबा त्याने करावी, आणि बाहेर पडण्यास आपण हात द्यावा.

नोटीस आल्यावर

घर तारण ठेवून घेतलेल्या कर्जाचे हप्ते 90 दिवसांहून अधिक थकले की बँक ते खाते थकीत ठरवते. त्यानंतर 2002 च्या सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) नुसार 60 दिवसांची नोटीस येते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. हे 60 दिवस कुटुंबाच्या हातातील सर्वांत मोलाचा काळ होय.

या मुदतीत बँकेला लेखी म्हणणे पाठवावे : भरलेल्या हप्त्यांची नोंद चुकली असेल तर ती, आजार किंवा बेरोजगारी असेल तर ती, आणि आपण काय देऊ शकतो ते. म्हणणे फेटाळायचे असल्यास बँकेने 15 दिवसांच्या आत कारणांसह कळविणे बंधनकारक आहे. अर्जाची पोहोच जपून ठेवावी. मूळ रक्कम व व्याज मिळून 20 टक्क्यांपेक्षा कमी बाकी उरली असेल, तर या कायद्याखाली घरावर कारवाई करता येत नाही.

60 दिवसांनंतर बँकेने ताबा घेतला, अगदी दारावर ताब्याची नोटीस चिकटविली तरीही, 45 दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. आपल्या राज्यात अशी न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वी संपूर्ण देणे व खर्च भरल्यास घर सोडविता येते. तेव्हा "अजून कोणी आले नाही" म्हणून स्वस्थ बसू नये, तारखा मोजाव्यात.

पतसंस्थेचे कर्ज असल्यास वाट निराळी असते. तेथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 101 नुसार निबंधकाकडून वसुलीचा दाखला घेतला जातो. त्या सुनावणीची नोटीस आली की हजर राहून आपला हिशेब मांडावा. गैरहजर राहणाऱ्याची बाजू कोणीही मांडत नाही.

वकिलासाठी पैसे नसतील तर

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 नुसार मोफत वकील मिळण्याची सोय आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, आणि तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न 3 लाख रुपयांपर्यंत असणाऱ्यास हे साहाय्य मिळू शकते. मात्र स्त्रिया, मुले, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. आपल्या घरांतील बहुतेक गृहकर्जांवर पत्नीचीही सही असते. ती स्वतः अर्ज करू शकते. राष्ट्रीय मदत क्रमांक 15100 आहे.

लोकअदालतीचा मार्गही याच कायद्यातून आला आहे. तेथे न्यायालयीन शुल्क लागत नाही. दोन्ही पक्षांच्या संमतीने तडजोड होते आणि तिच्यावर अपील नसते. म्हणून पाळता येईल तेवढाच शब्द द्यावा.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांनी इब्ने अबी हदरद (रजि.) यांच्याकडे मशिदीतच कर्जाचा तगादा लावला आणि आवाज चढले. प्रेषितांनी (स.) हुजऱ्याचा पडदा सारून कअब (रजि.) यांना निम्मे सोडण्याची खूण केली. त्यांनी ते मान्य करताच दुसऱ्यास फर्माविले की उठा आणि बाकीचे चुकते करा. सूट मिळाली, आणि उरलेले लगेच फेडण्याची जबाबदारीही आली. तडजोडीची हीच दोन अंगे आहेत.

तगादा, सावकार आणि जामीन

वसुली करणाऱ्याने सकाळी 8 पूर्वी व संध्याकाळी 7 नंतर फोन करू नये, धमकी देऊ नये, नातेवाइकांत बदनामी करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. तसे घडल्यास प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

खासगी सावकारीसाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 नुसार परवाना लागतो. विनापरवाना सावकाराने घर किंवा शेत लिहून घेतले असेल, तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करावी. चौकशीअंती मालमत्ता परत करण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्यांना आहे.

जामीन राहण्यापूर्वीही विचार करावा. एका मृत कर्जदाराची जनाजाची नमाज पढविण्यास प्रेषित (स.) थांबले होते, हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते देणे स्वतःवर घेतल्यावर त्यांनी ती पढविली. जामीन म्हणजे खरोखर देणे अंगावर घेणे होय. 1872 चा करार कायदाही जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच मानतो. मैत्रीखातर केलेली सही ही नुसती मैत्री राहत नाही.

जमातीचे कर्तव्य

जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे (सूरह अत्-तौबा, 60). फळांच्या खरेदीत नुकसान होऊन कर्जबाजारी झालेल्या एका माणसासाठी प्रेषितांनी (स.) लोकांना सदका देण्यास सांगितले. तो पुरेसा झाला नाही, तेव्हा धनकोंना सांगितले की जे मिळते ते घ्या, याहून अधिक तुम्हाला नाही. आधी समाजाने हातभार लावला आणि मग धनकोंच्या मागणीला मर्यादा घातली गेली. आपल्या जकात समित्यांनी रमजानपूर्वी अशा कुटुंबांची गुप्तपणे चौकशी करावी. मात्र व्याजाच्या रकमेबाबत मुफ्तींचा सल्ला घ्यावा. तालुका विधी सेवा समितीला पत्र देऊन मोहल्ल्यात कायदेविषयक शिबिर भरविता येते. मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांखाली 15100 हा आकडा लिहायला खर्च येत नाही.

त्या शिंप्याच्या घराचे काय झाले, हे विचाराल. उरलेल्या 22 दिवसांत त्यांच्या पत्नीच्या नावे अर्ज झाला, वकील मिळाले, बँकेला लेखी म्हणणे गेले. हिशेब मांडल्यावर दिसले की हप्ते पेलणे आता शक्य नाही. नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही. ती संमती वकिलांनी मिळविली. लिलावाची वेळ येण्याआधी त्यांनी स्वतः योग्य भावात घर विकले, देणे फेडले, आणि उरलेल्या रकमेतून भाड्याच्या दोन खोल्यांची अनामत भरली. शिलाई यंत्र वाचले. मुलीची शाळा सुटली नाही. घर राहिले नाही याचे दुःख त्यांना आहे, पण आता दारावरची थाप ऐकून ते दचकत नाहीत.

वाचकहो, आपल्या घरात असे एखादे पाकीट बंद असेल, तर आज मगरिबनंतर पत्नीसमोर, वडिलांसमोर ते उघडा. त्यावरची तारीख वाचा. दुआ जरूर मागा, आणि सकाळी तालुका न्यायालयाची वाट धरा.

अल्लाह प्रत्येक कर्जदाराला कर्जफेडीची ऐपत, प्रत्येक धनकोला मनाचा मोठेपणा आणि आपल्या सर्वांना हलाल रोजी प्रदान करो. आमीन.