हरवलेले बालक : शोध, संरक्षण आणि पोलिसांची कायदेशीर जबाबदारी

१९८६ साली मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर रेल्वे स्थानकावर पाच वर्षांचा एक मुलगा मोठ्या भावाची वाट पाहत असताना उभ्या असलेल्या गाडीत चढला. गाडी सुटली आणि अखेर तो कलकत्त्यालगतच्या हावडा स्थानकावर पोहोचला. काही आठवडे रस्त्यावर काढल्यानंतर एका तरुणाने त्याला पोलीस ठाण्यात नेले. आपल्या वस्तीचे नाव तो मोडक्या उच्चारात सांगत होता. बुऱ्हाणपूरचे त्याच्या तोंडी 'बेरमपूर' झाले होते. तेवढ्या माहितीवरून अधिकाऱ्यांना खंडव्यापर्यंत पोहोचता आले नाही. १९८७ मध्ये त्याला ऑस्ट्रेलियातील एका दांपत्याने दत्तक घेतले. पुढे उपग्रह-नकाशांच्या साहाय्याने त्यानेच आपली वस्ती शोधून काढली आणि २०१२ मध्ये खंडव्यातील गणेश तलाई येथे तो आईला भेटला. सारू ब्रायर्ली यांची ही कहाणी 'लायन' (२०१६) या चित्रपटामुळे सर्वदूर पोहोचली. अभ्यासकांच्या दृष्टीने मात्र तिचे महत्त्व वेगळे आहे. मुलगा पोलिसांपर्यंत पोहोचला होता, तरीही घर सापडले नाही.

याचे कारण असे की हरवलेल्या मुलाची नोंद बहुधा दोन ठिकाणी होते. पालक एका ठाण्यात 'मूल हरवले' अशी तक्रार देतात आणि दुसऱ्याच, कदाचित दुसऱ्या राज्यातील, ठाण्यात 'मूल सापडले' अशी नोंद होते. या दोन नोंदींची गाठ घालून देणे हेच या कामाचे मर्म आहे. गेल्या काही दशकांतील कायदे, न्यायालयीन आदेश व संगणकीय प्रणाली यांकडे याच दृष्टीने पाहावयास हवे.

तक्रारीची बाजू

पूर्वी मूल हरवल्याची तक्रार अनेकदा ठाण्याच्या दैनंदिनीत नोंदवून ठेवली जाई; दखलपात्र गुन्हा मानून तपास होईलच, अशी खात्री नसे. नोएडातील निठारी प्रकरण २००६ मध्ये उघडकीस आले तेव्हा या शिथिलतेची किंमत देशाने पाहिली. १० मे २०१३ रोजी 'बचपन बचाओ आंदोलन विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बेपत्ता मुलाच्या तक्रारीवर प्रथम माहिती अहवाल (एफआयआर) नोंदविण्याचा आदेश दिला. उलट काही सिद्ध होत नाही तोवर अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असावी, असे गृहीत धरूनच तपास करावयाचा, हे तत्त्वही त्यातून रुजले. 'मूल आपणहून परत येईल, थोडी वाट पाहा' या सल्ल्याला त्यामुळे कायद्यात जागा उरली नाही. चार महिन्यांत शोध न लागल्यास तपास मानवी तस्करी प्रतिबंध कक्षाकडे सोपविण्याची तरतूद २०१६ च्या आदर्श नियमांत आहे.

सापडलेल्या मुलाची बाजू

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. ज्याचे पालक वाजवी चौकशीनंतरही सापडत नाहीत असे मूल या कायद्यानुसार 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' ठरते. कलम १०७ अन्वये प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाचा बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा लागतो. जिल्हा स्तरावर विशेष बाल पोलीस पथक असते. त्यात दोन समाजकार्यकर्ते असून त्यांपैकी एक महिला असते.

अशा मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करणे कलम ३१ नुसार आवश्यक आहे. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही हजर करता येते. परीक्षार्थींनी येथे एक भेद पक्का करावा : काळजी व संरक्षणाच्या प्रकरणांत अधिकार बाल कल्याण समितीचे, तर विधिसंघर्षग्रस्त बालकांच्या प्रकरणांत बाल न्याय मंडळाचे. हरवलेले मूल आरोपी नव्हे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही आणि त्याच्याशी बोलणारा अधिकारी शक्यतो साध्या वेशात असावा अशी अपेक्षा आहे.

ही केवळ औपचारिकता नव्हे. गणवेशाला घाबरलेले चार-पाच वर्षांचे मूल नावही सांगत नाही. पत्ता विचारण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण त्या वयात घर म्हणजे पत्ता नसतोच; घराजवळचा पाण्याचा हौद, देऊळ, पूल, आईचे काम, जेवणातील पदार्थ, मूल कोणत्या बोलीत रडते, यांतूनच माग निघतो. म्हणूनच ती बोली जाणणारी व्यक्ती शोधणे हे तपासाचेच अंग ठरते. खंडव्याच्या मुलाला बंगाली समजत नव्हते.

समिती सामाजिक अन्वेषण अहवाल मागविते. तो १५ दिवसांत पूर्ण व्हावा आणि अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा, असे कायदा सांगतो. मूल अखेर सोडून दिलेले वा अनाथ ठरले तर दोन वर्षांपर्यंतच्या बालकास दोन महिन्यांत व त्यापुढील बालकास चार महिन्यांत दत्तकविधानासाठी कायदेशीरदृष्ट्या मुक्त घोषित करता येते. या मुदतींमुळेच पोलिसांच्या सुरुवातीच्या चौकशीला मोठे वजन येते. चौकशी उथळ राहिली तर आई-वडील जिवंत असलेले मूल दुसऱ्या घरी जाऊ शकते.

नोंदी जोडणारी साधने

'ट्रॅक चाइल्ड' प्रणालीत बेपत्ता व सापडलेल्या मुलांची माहिती एकत्र ताडून पाहता यावी अशी योजना करण्यात आली. २ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या 'खोया-पाया' संकेतस्थळावर नागरिकांनाही माहिती देता येऊ लागली. पुढे ही व्यवस्था 'मिशन वात्सल्य'मध्ये सामावली गेली. १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली. २०२३ पासून ती शासकीय यंत्रणेमार्फत चालविली जाऊ लागली व ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. रेल्वे सुरक्षा दलाची 'नन्हे फरिश्ते' मोहीम स्थानकांवर एकट्या सापडणाऱ्या मुलांसाठी आहे.

कलम ७४ अन्वये अशा बालकाची ओळख प्रसारमाध्यमांत उघड करण्यास मनाई आहे. परंतु बालकाच्या हिताचे असल्यास समिती कारणे नोंदवून परवानगी देऊ शकते. सापडलेल्या मुलाचे छायाचित्र उत्साहाने समाजमाध्यमांवर फिरविणाऱ्या नागरिकाने ही तरतूद ध्यानात घ्यावयास हवी, कारण ते चित्र पालकांबरोबरच पालक असल्याचे भासविणाऱ्यापर्यंतही पोहोचते. मूल ताब्यात देण्यापूर्वी नाते पडताळण्याची जबाबदारी म्हणूनच समितीकडे आहे, ठाण्याच्या दारात आलेल्या पहिल्या दावेदाराच्या शब्दावर ती सोडलेली नाही.