आधी पाणी मुरू दे

देवळी, १२ मे

चि. बाळू,

तुझा फोन आला तेव्हा मी वावरात होतो, नीट बोलणे झाले नाही. घरामागच्या सांदवाडीत खड्डा खणून झाला, शेततळ्याचा उरलेला प्लास्टिक कागद मिळाला आणि येत्या रविवारी नागपूरहून गप्पीच्या वीस जोड्या आणणार, असे म्हणालास. खड्डा चांगला, कागदही चांगला. पण मासे रविवारी आणू नकोस. जुलैपर्यंत थांब.

आधी खड्ड्याचे. तुमच्या सेलूची माती आमच्या देवळीसारखीच काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि तिच्यात पऱ्हाटीची जुनी खुंटे दडलेली असतात. कागद थेट मातीवर टाकलास तर वर्षभरात भोक पडेल. खाली जुना बारदाना दोन पदरी अंथर. खोली अडीच फुटांहून कमी नको. उथळ पाणी मे महिन्यात तापते आणि डिसेंबरच्या रात्री गारठते, गप्पीला दोन्ही सोसत नाही. आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्ड्यात २८०० लिटर पाणी मावते. एवढे पाणी हळू तापते आणि हळू निवते, हाच त्याचा गुण. आणखी एक, दादाचे लेकरू आता चालायला लागले आहे. पाणी भरण्याआधी भोवती कुंपण घाल. यात उद्या-परवा नको.

आता पाण्याचे. नळाचे असेल तर क्लोरीन उडून जायला एक-दोन दिवस उघडे राहू दे. विहिरीचे जड पाणी गप्पीला उलट मानवते. पण स्वच्छ पाणी म्हणजे माशांना राहण्याजोगे पाणी नव्हे, हे मला फार उशिरा कळले. मासा श्वासावाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया सोडतो, उरलेले खाद्य कुजूनही तोच होतो आणि तो माशालाच विषारी. त्याचे आधी नायट्राइट आणि मग बहुतांशी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जीवाणू नव्या पाण्यात नसतात. ते दगडांवर, कागदावर, वनस्पतींच्या मुळांवर वाढायला महिना-दीड महिना लागतो. म्हणून पाणी आताच भर, माझ्या गप्पीच्या टाक्यातली हायड्रिला ही पाणवनस्पती आणि मूठभर खडी घेऊन जा, आणि थांब. पाणी हिरवे होईल. घाबरून उपसून टाकू नकोस. त्या हिरव्या पाण्यातले बारीक जीव हेच पिल्लांचे पहिले खाणे.

मात्र हिरव्या पाण्याचा एक धोका आहे. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री तेच ओढून घेते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो. त्यामुळे पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ती भूक नव्हे, गुदमरणे आहे. अशा वेळी खाद्य टाकू नकोस. पाण्यावर झारीने पाणी शिंपड आणि थोडे शेवाळ काढ. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आला आहे. पश्चिमेकडून हिरवी नेट बांध, पण कडुनिंबाखाली खड्डा असेल तर पाने रोज उचलावी लागतील.

जोड्यांविषयी. वीस जोड्या कशाला? गप्पीची मादी अंडी घालत नाही, साधारण महिन्याला जिवंत पिल्ले देते, आणि एकदा नराशी गाठ पडली की पुढचे कित्येक महिने नराशिवायही देत राहते. दुकानातल्या टाकीतून आणलेली मादी कोणत्या नराची पिल्ले देईल, हे सांगता येत नाही. तुला रंगीत शेपटीचे नर विकायचे असतील तर चार-पाच आठवड्यांची पिल्ले नर-मादी ओळखून वेगळी करावी लागतील. त्यासाठी दुसरे टाके लागेल. तेवढी तयारी नसेल तर काही पिढ्यांत रंग बिघडत जातील. सकर मासा मात्र अजिबात आणू नकोस, दुकानदार कितीही म्हणाला, हा शेवाळ खातो म्हणून. दक्षिण अमेरिकेतला हा मासा आता महाराष्ट्रातल्या नद्या-धरणांतही जाळ्यात सापडतो. त्याच्या कडक काट्यांनी जाळी फाटतात ती भोई-ढिवरांची.

हे पत्र लिहायचे खरे कारण पुढचे आहे. काही वर्षांपूर्वी श्रावणात चार दिवस झड लागली. माझे टाके रात्रीत भरून वाहिले. सकाळी पाहिले तर शेकडो गप्पी नालीतून नाल्यात गेले होते, आणि तो नाला यशोदा नदीला मिळतो. मला मासे गेल्याचे वाईट वाटले, पण चूक माझी होती आणि भोगणार होती नदी. गप्पी डासांच्या अळ्या खातो, तशी बेडकांची आणि इथल्या छोट्या माशांची पिल्लेही खातो. तुझ्याकडून सुटलेला मासा बोर नदीतून वेणेला, वेणेतून वर्धेला, पुढे प्राणहितेतून गोदावरीला जाऊ शकतो. परत आणता येत नाही.

गप्पीचा उपयोग मी नाकारत नाही. आरोग्य खात्याची गप्पी मासे पैदास केंद्रे डास आवरण्यासाठीच आहेत, आणि आपल्या जिल्ह्याला डासांचा त्रास जुना आहे. १९३६ साली गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला आले आणि त्याच वर्षी हिवतापाने आजारी पडले. पण गप्पीची जागा बंद हौदात आणि वापरात नसलेल्या टाकीत. नाल्यात नव्हे. कुलरमध्येही सोडू नकोस, तिथले पाणी आठवड्याला उपसून कोरडे करायचे. आणि पिल्लांच्या खाण्यासाठी म्हणून बादलीत अळ्या वाढवायला जाऊ नकोस, आठ-दहा दिवसांत त्यांचेच डास होतात.

म्हणून खड्ड्याचा काठ जमिनीपासून अर्धा फूट उंच कर. सांडवा ठेव, त्याला मच्छरदाणीची जाळी लाव, झडीत दिवसातून दोनदा तिच्यावरचा पाला काढ. सांडव्याचे पाणी केळीच्या आळ्यात सोड, नालीकडे वळवू नकोस. पिल्ले जास्त झाली तर मला सांग, मी घेऊन जाईन. दुकानदार घेत नाही म्हणून बोरेत सोडली, असे मला कधी ऐकायला लावू नकोस.

सांडवा बांधून झाला की कळव. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी दहा माद्या आणि चार नर डब्यात घेऊन येतो. तुझ्या आईला नमस्कार सांग.

तुझा
मामा