लेहला निघालेल्या भाच्यास

खामगाव

चि. भाच्यास,


पोळा आटोपला की मित्रांसोबत मोटारसायकलवर लेहला जायचा तुझा बेत ताईकडून कळला. मामाचा होकार आहे. पण तुझे मुक्काम किलोमीटर मोजून ठरलेत. हिमालयात ते उंची पाहून ठरवावे लागतात.

बुलडाणा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर. मनालीहून निघणारा माणूस २०२० साली सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून लाहौलमध्ये उतरतो आणि एक-दोन दिवसांत जवळपास ४,९०० मीटरवरच्या बारालाचा खिंडीत असतो. पुढची तंगलंग ला ५,३०० मीटरच्याही वर. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू इथल्या निम्म्याच्या आसपास. कमावलेल्या शरीरालाही यातून सूट नाही. सवय व्हायला दिवसच लागतात.

म्हणून जाताना श्रीनगरचा रस्ता धर. श्रीनगर सुमारे १,६०० मीटर, मग कारगिलला मुक्काम, फोतू ला ओलांडून ३,५०० मीटरवरचं लेह. तिथे दोन दिवस गाडीला किल्ली लावायची नाही. मनालीचा रस्ता परतीला ठेव.

डोकं ठणकलं, मळमळलं, तर तिथून वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा पावलं अडखळली, तर रात्र असली तरी सोबत घेऊन खाली उतरायचं.

वितळलेल्या बर्फाचे नाले रस्त्यावरून वाहतात. दुपारी त्यांना पाणी चढतं, ते सकाळीच ओलांड. तळाशी गोटे असतात. पहिला गिअर, एकसारखी रेस, नजर पलीकडच्या काठावर. मधेच रेस सोडली की गाडी बंद पडलीच समज.

मनालीच्या रस्त्यावर तांडीच्या पंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ ही पाटी प्रसिद्ध आहे. तू उलटा येणार, तेव्हा लेह सोडताना कारूला टाकी आणि कॅन दोन्ही भर. क्लच वायर, ट्यूब, पंक्चरचं सामान जवळ हवं. लडाखात बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही; पोस्टपेड घे.

सरावाला सामान लादून बोथ्याचा घाट कर. लादलेली गाडी वळणावर कशी ओढते ते तिथेच कळेल. मात्र दिवसा आणि हळू: तो ज्ञानगंगा अभयारण्यातला रस्ता आहे, यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला वाघ २०१९ मध्ये तिथवर चालत आला होता.

मुक्काम नव्याने मांड आणि तो कागद निघण्याआधी ताईला आणि मामाला दाखव.

तुझा,
मामा