टपालाने आलेले मत

मतदानाच्या दिवशी आपण केंद्रावर जातो, बोटाला शाई लावून घेतो आणि मत देतो. पण ज्याला केंद्रावर जाताच येत नाही, त्याने काय करावे? सरहद्दीवरचा जवान, अंथरुणाला खिळलेली नव्वदीची आजी, यांनाही मताचा हक्क आहेच. त्यांच्यासाठी टपाली मतदान असते. मतपत्रिकेवर खूण करायची, ती पाकिटात घालायची आणि पाकीट बंद करून द्यायचे.

पाकीट दिले म्हणजे काम संपले का? नाही. ते कधीपर्यंत पोचले पाहिजे? कधी फोडायचे? निकाल कुणी सांगायचा? हे सगळ्यांसाठी सारखे ठरलेले नसले, की घोटाळा होतो. अमेरिकेत काय झाले ते पाहा.

अमेरिकेत ५० राज्ये आहेत. निवडणुकीची व्यवस्था मुख्यतः राज्यांकडे आहे. म्हणून टपाली मताचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे. ३ नोव्हेंबर २०२० रोजी तेथे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली. करोनाची साथ चालू होती. कोट्यवधी लोकांनी टपालाने मत दिले. फ्लॉरिडा राज्यात पाकिटे आधीच उघडून तपासायला मुभा होती. तेथला कौल त्याच रात्री कळला. पेनसिल्व्हेनिया राज्यात मतदानाच्या दिवशी सकाळी ७ वाजण्याआधी पाकीट उघडायचे नाही, असा कायदा होता. तेथे मोजणी कित्येक दिवस चालली.

पहिल्या रात्री तेथे डोनाल्ड ट्रम्प पुढे दिसले. मग टपालाची मते मोजली, तसे जो बायडन पुढे गेले. लोक म्हणू लागले, "रातोरात ही मतं आली कुठून?" मते कुठून आली नव्हती. ती पाकिटातच होती, मोजायची राहिली होती. बायडन यांच्या पुष्कळ मतदारांनी टपालाने मत दिले होते. ट्रम्प यांचे पुष्कळ मतदार केंद्रावर गेले होते.

साऱ्या देशाचा आकडा त्या रात्री सांगणारी सरकारी कचेरी तेथे नाही. वृत्तसंस्था आकडे जमवून कौल सांगतात. बायडन जिंकल्याचे त्यांनी ७ नोव्हेंबरला सांगितले. राज्यांचे अधिकृत निकाल मागाहून आले. मधल्या काळात वावड्या उठल्या. कोर्टात दावे झाले, पण निकाल फिरेल असे काही सिद्ध झाले नाही. तरीही ६ जानेवारी २०२१ रोजी जमाव संसदेत घुसला.

२०२१ साली साऱ्या देशाला सारखे नियम लावणारे विधेयक तेथे आले. खालच्या सभागृहात ते मंजूर झाले, वरच्या सभागृहात अडले. एक पक्ष म्हणतो, मत सारखे तर नियमही सारखा हवा. दुसरा म्हणतो, राज्याचा कारभार राज्यानेच पाहावा.

आपल्याकडे लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुकीला देशभर एकच नियम आहे. मोजणी सुरू होण्याच्या वेळेआधी पोचलेले टपाली मतच धरतात. आधी टपालाची मते मोजायला घेतात, अर्ध्या तासाने यंत्रांची. सप्टेंबर २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने आणखी एक नियम केला. टपाली मोजणी पुरी झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. निकाल जाहीर करतो तो निवडणूक निर्णय अधिकारी.

आपल्या घरात कुणाचे वय ८५ च्या पुढे आहे का? कुणाला ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व आहे का? त्यांना घरून मत देता येते. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२-ड भरून द्यावा. मग कर्मचारी घरी येऊन मत घेतात. मत मात्र गुप्तच राहते.

कुस्तीचे नियम पंच कुस्ती लागण्याआधी सांगतो. म्हणून हरलेला गडीही हात मिळवून आखाड्याबाहेर पडतो. मताचेही तसेच आहे.

प्रश्न
१. पेनसिल्व्हेनियात मोजणी का लांबली?
२. आपल्याकडे आधी कोणती मते मोजायला घेतात?
३. घरून मत द्यायला कोणता अर्ज लागतो? तो कधी द्यावा?