विज्ञानपाठांची पारख

आपले इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसले आहे. येथे हवेचा दाब थोडा कमी असल्यामुळे पाणी १०० अंशांवर न उकळता सुमारे ९८ अंशांवरच उकळू लागते. तापमापक बिनचूक असेल तर तो तसे दाखवितोही. परंतु प्रयोगवहीत आपण १०० हाच आकडा लिहून मोकळे होतो, कारण पाठात तो तसा दिलेला असतो. पाठ लिहिणाऱ्याने 'समुद्रसपाटीवरील दाबाखाली' एवढे शब्द गाळले, आणि त्यापायी विद्यार्थ्याने आपल्या डोळ्यांवरचा विश्वास गमावला!

पूर्वी अशी चूक एका पुस्तकापुरती राहत असे. आता विज्ञानपाठांची अंकीय ग्रंथालये झाली आहेत. केंद्र सरकारने मुक्त शैक्षणिक साधनांचे राष्ट्रीय भांडार २०१३ साली उघडले आणि २०१७ साली 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू केले. क्रमिक पुस्तकातील चौकोनी संकेतावर भ्रमणध्वनी धरला की पाठ, चित्रे, चलत्‌चित्रे समोर येतात. ज्या गावी प्रयोगशाळा नाही तेथील मुलांना ही सोय केवढी मोठी आहे, हे सांगावयास नकोच. मात्र येथे शिरलेली चूक हजारो वर्गांत एकाच दिवशी पोहोचू शकते.

एक उदाहरण विस्ताराने पाहण्यासारखे आहे. परातीत थोडे पाणी घेऊन मधोमध पेटती मेणबत्ती ठेवावी व तिच्यावर काचेचा पेला पालथा घालावा. थोड्या वेळाने ज्योत विझते आणि पेल्यात पाणी चढते. अनेक पाठांत याचे कारण असे दिलेले आढळते की, हवेतील एक पंचमांश प्राणवायू जळून गेला, म्हणून त्याच्या जागी तेवढेच पाणी आले. हे ऐकावयास गोड आहे, पण खरे नाही. प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या आसपास उतरले की ज्योत विझते. सारा प्राणवायू संपतच नाही. जो खर्च होतो त्याची बरीचशी जागा नव्याने तयार झालेला कार्बन डायॉक्साइड भरून काढतो. मग पाणी का चढते? ज्योतीच्या उष्णतेने पेल्यातील हवा प्रसरण पावते व तिचा काही भाग बाहेर निघून जातो. ज्योत विझल्यावर उरलेली हवा निवून आकुंचन पावते. मुख्य कारण हेच.

याची परीक्षा घरीही करता येते. मात्र ज्योतीपाशी वडीलधारे कोणीतरी असावे. त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या पेटवाव्या. पेल्यातील प्राणवायू तेवढाच, तरी पाणी अधिक उंच चढते. शिवाय पाण्याची मोठी चढण ज्योत विझल्यानंतरच होते, हेही नीट पाहणाऱ्यास दिसते.

आता विचार करा, ही चूक परीक्षकाच्या नजरेतून कशी निसटली असेल? चित्र सुबक, भाषा शुद्ध, आकडाही जुळणारा. खुर्चीत बसून वाचणाऱ्यास तीत दोष दिसणे कठीण. ती सापडते दुसरी मेणबत्ती पेटविणाऱ्यालाच. म्हणूनच ग्रंथालयात पाठ घेण्यापूर्वी तो विषयतज्ज्ञाने वाचणे जसे अगत्याचे, तसेच कोणीतरी तो वर्गात करून पाहणेही अगत्याचे आहे. किती जणांनी पाठ पाहिला हा आकडा येथे कुचकामी होय.

ही रीत आपल्याच प्रांतात रुजली होती. १९७२ साली 'किशोर भारती' आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी नर्मदाकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकविण्यास आरंभ केला. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला व १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने तो पुढे नेला. त्यांची 'बाल वैज्ञानिक' ही पुस्तके वर्गातील अनुभवावरून सुधारली जात. शिक्षकांच्या मासिक बैठकीत कोठे प्रयोग फसला, कोणते साहित्य गावात मिळाले नाही, याची चर्चा होई. मुलांचे प्रश्न 'सवालीराम' या कल्पित नावाने येणाऱ्या उत्तरांतून सुटत. २००२ साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. या कार्यक्रमात वावरलेले श्री. अरविंद गुप्ता यांनी पुढे पुण्यात टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून ती व शेकडो पुस्तके आंतरजालावर सर्वांस मोफत खुली केली. त्यांत मराठीही पुष्कळ आहेत.

छापील पुस्तकाला नवी आवृत्ती निघेपर्यंत थांबावे लागे. अंकीय पाठ त्याच दिवशी सुधारता येतो. पण त्यासाठी पाठाखाली लेखकाचे नाव, तो कोणत्या इयत्तेत करून पाहिला, आणि शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, ही माहिती असावी लागते. ज्या पाठाखाली यांपैकी काहीच नाही, तो मी तरी आधी स्वतः करून पाहिल्याशिवाय वर्गात दाखवीत नाही.

आणि तुम्हांस चूक आढळली तर नुसते 'पाठ चुकीचा आहे' असे कळवू नका. पेला केवढा होता, मेणबत्त्या किती, पाणी किती चढले आणि प्रयोग कितीदा केला, हे सारे लिहा.