नवी बॉडी घेण्याआधी तिची अंधारात परीक्षा घ्या: हाय आयएसओ नॉइज कसा तपासायचा?



दिवाळी झाली, तुळशीचं लग्न तोंडावर आलं की माझ्या दुकानात एकच प्रश्न येतो: "सर, सीझनच्या आधी कॅमेरा बदलू का?" व्हिडिओत मी टेस्ट दाखवली आहेच. पण आकडे आणि पायऱ्या लिहून हव्या होत्या तुम्हाला, म्हणून हा लेख.

सुरुवात एका खऱ्या प्रसंगाने करतो. आर्णीकडचा एक मुलगा वडिलांना घेऊन आला. दोन वर्षांपासून लग्नाच्या ऑर्डरी घेतो. जवळ क्रॉप सेन्सरची बॉडी आणि तिच्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स. सोयाबीन विकून आलेले पैसे आणि वर थोडं कर्ज, असा फुल फ्रेम घ्यायचा बेत होता. "सर, रातचे फोटो फुटतात. पार्टीनं अल्बम वापस केला," तो म्हणाला. वडिलांनी एवढंच विचारलं, "हा नवा घेतला तर फुटणार नाहीत ना?"

या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं लगेच देता येत नाही. ते तपासावं लागतं. कसं ते बघू.

१. फोटो फुटतो म्हणजे नेमकं काय होतं?

सेन्सरवर उजेड थेंबाथेंबाने पडतो, पावसासारखा. भरपूर पाऊस पडला तर अंगण सगळीकडे सारखं ओलं दिसतं. चार थेंब पडले तर इथे ओलं, तिथे कोरडं. फोटोतला दाणा तोच. गणितात सांगायचं तर एका पिक्सेलवर १०,००० प्रकाशकण पडले तर त्यातला चढउतार साधारण १०० चा, म्हणजे १ टक्का. १०० च पडले तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. उजेड कमी, दाणा जास्त.

म्हणून एक गोष्ट वहीत लिहून ठेवा: आयएसओ वाढवल्याने उजेड वाढत नाही. आलेला सिग्नल फक्त मोठा केला जातो, जसा भोंग्याचा आवाज वाढवतो. खरा उजेड तीनच गोष्टी वाढवतात: अपर्चर, शटरचा वेळ आणि लाईट. सेन्सर मोठा असला तर त्याच अपर्चरला एकूण उजेड जास्त गोळा होतो, हा चौथा मुद्दा.

तो किती जास्त? फुल फ्रेम ३६ × २४ मिमी. कॅननचा क्रॉप सेन्सर साधारण २२.३ × १४.९ मिमी. क्षेत्रफळ काढा: फुल फ्रेम २.६ पट. निकॉन, सोनीच्या क्रॉपशी तुलना केली तर साधारण २.४ पट. म्हणजे सव्वा स्टॉपच्या आसपास फायदा. एकाच पिढीच्या दोन बॉडी घेतल्या तर फुल फ्रेमचा ६४०० आयएसओ क्रॉपच्या साधारण २५०० ते २७०० सारखा दिसेल. फायदा खरा आहे, पण जादू नाही.

२. डब्यावरचा आकडा पाहून भुलू नका

"आयएसओ १,०२,४०० पर्यंत" असं लिहिलेलं असतं. गाडीच्या मीटरवर १८० असतं, आपण दारव्हा रोडवर किती पळवतो? तसंच हे. आपल्याला एवढंच हवं: आपल्या लाईटमध्ये, आपल्या अल्बमच्या साईजमध्ये कुठल्या आयएसओपर्यंत फोटो विकण्याजोगा राहतो.

वेबसाईटवरच्या स्कोअरचंही तसंच. डीएक्सओमार्कच्या लो लाईट स्कोअरमध्ये २५ टक्के फरक म्हणजे साधारण एक तृतीयांश स्टॉप. तो अल्बममध्ये कोणाला दिसणार नाही. तेवढ्यासाठी कर्ज काढायचं नाही.

३. तुलना करताना होणाऱ्या चार चुका

पहिली: दोन्ही फोटो १०० टक्के झूम करून पाहणं. ४५ मेगापिक्सेलचा फोटो १०० टक्क्याला जास्त मोठा होतो, म्हणून दाणा जास्त वाटतो. दोन्ही एकाच साईजला आणून पाहा. बारा बाय छत्तीसच्या अल्बममध्ये एक पान १२ × १८ इंच. ३०० डीपीआयला ते ३६०० × ५४०० पिक्सेल, म्हणजे १९.४ मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलची बॉडी त्याला पुरते.

दुसरी: जेपीईजीवर निकाल देणं. कॅमेरा आतल्या आत नॉइज पुसतो, सोबत शालूची जरही पुसतो आणि चेहरा मेणासारखा होतो. रॉ मध्ये काढा, एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडा, नॉइज रिडक्शन शून्यावर ठेवा.

तिसरी: एक्स्पोजर वेगळं ठेवणं. शटर आणि अपर्चर दोन्ही बॉडीला सारखंच हवं. एका कंपनीचा ३२०० आणि दुसरीचा ३२०० तंतोतंत सारखे असतीलच असं नाही.

चौथी: मोबाईलवर पाहून ठरवणं. मोबाईलवर सगळेच फोटो चांगले दिसतात.

४. आता टेस्ट करा

नवी बॉडी एका दिवसासाठी भाड्याने घ्या. ओळखीच्या मंगल कार्यालयात किंवा लॉनवर संध्याकाळी लाईट लागल्यावर जा. गोरज मुहूर्तानंतरचा जो उजेड तुमच्या कामाचा आहे, तोच हवा. एका मित्राला काळा कोट आणि जरीचा शेला घालून उभं करा.

- दोन्ही बॉडी ट्रायपॉडवर. क्रॉपवर ३५ मिमी, फुल फ्रेमवर ५० ते ५५ मिमी, म्हणजे चौकट सारखी येईल.
- अपर्चर दोन्हीकडे एफ ५.६.
- आयएसओ १६०० ला शटर १/३०, ३२०० ला १/६०, ६४०० ला १/१२५, १२,८०० ला १/२५०. उजेड कमीजास्त असेल तर सगळीच शटर त्या प्रमाणात बदला. मित्राला हलू नको म्हणा.
- शेवटी जुन्या बॉडीवर ५० मिमी एफ १.८ ची प्राईम लावा, एफ २.८ आणि आयएसओ १६०० ला, १/१२५ वर एक फोटो काढा.

पाहायचं काय? काळ्या कोटाच्या घड्या, कानाखालची सावली, केस. तिथे लाल-निळे ठिपके आले तर तो कलर नॉइज, गिऱ्हाईक त्यालाच नाव ठेवतं. साधा राखाडी दाणा त्यामानाने खपून जातो. सावली उचलल्यावर आडव्या-उभ्या रेषा दिसतात का, तेही बघा.

मग लॅबमधून १२ × १८ चे प्रिंट काढा, मागे पेन्सिलने खूण करा आणि फोटोग्राफर नसलेल्या माणसाला दाखवा. कुठला कशाचा, हे सांगू नका.

५. त्या मुलाचं काय झालं?

आधी मी त्याच्या परत आलेल्या अल्बमच्या फाईली उघडल्या. आयएसओ ६४००, एफ ५.६, शटर १/१२५. इथवर ठीक. पण फोटो काळपट आले होते आणि त्याने एडिटिंगमध्ये दोन-दोन स्टॉप उचलले होते. म्हणजे व्यवहारात तो २५,६०० वर काम करत होता! असे फोटो फुल फ्रेमवरही फुटले असते.

मग टेस्ट केली. प्रिंट वडिलांसमोर ठेवले. दोन्ही बॉडीच्या ६४०० च्या प्रिंटमध्ये त्यांनी फुल फ्रेमचा निवडला, कोटाकडे बोट दाखवून. पण तिसरा प्रिंट ठेवला तेव्हा त्यांनी तोच उचलला. तो त्यांच्या मुलाच्या जुन्या बॉडीचा होता, प्राईम लेन्सवर.

कारण सरळ आहे. एफ ५.६ वरून एफ २.८ ला आलात की चौपट उजेड, ६४०० चं काम १६०० मध्ये होतं. सेन्सरने दिला असता सव्वा स्टॉप, लेन्सने दिले दोन. एफ १.८ ला अजून सव्वा स्टॉप मिळतो, पण नवरा-नवरी पुढेमागे उभे असतील तर एकाचा चेहरा आऊट जातो. आणि क्रॉपवर ५० मिमीत ग्रुप फोटो बसत नाही, त्यासाठी किट लेन्स आणि फ्लॅश लागणारच.

६. हिशोब

बीबीएला शिकलेला ब्रेक-इव्हन इथे कामी येतो. समजा, जुनी बॉडी विकून नवीला १,००,००० वरून घालावे लागतात. भाडं रात्रीचं २,५०० धरा आणि खरोखर अंधाराच्या रात्री वर्षाला १६. भाडं झालं ४०,०००. म्हणजे खरेदी वसूल व्हायला अडीच वर्षं, व्याज वेगळं. शिवाय हप्ता बारा महिने येतो, मुहूर्त बारा महिने नसतात. चातुर्मासात हप्ता कुठून भरणार, हे आधी लिहून काढा. मुद्रा कर्ज मिळतं म्हणून कॅमेरा घ्यायचा नसतो.

मग बॉडी कोणी घ्यावी? ज्याच्याकडे एफ २.८ किंवा त्याहून मोठ्या अपर्चरची लेन्स आहे, एक्स्पोजर बरोबर येतं, तरीही निम्मे फोटो ६४०० च्या वर जातात, त्याने. वराती, स्टेज प्रोग्रॅम, यवतमाळच्या दुर्गोत्सवातल्या रात्री सतत शूट करणाऱ्याला तो सव्वा स्टॉप रोज लागतो. त्याच्यासाठी तो खर्च योग्यच.

त्या मुलाने फक्त लेन्स घेतली. उरलेले पैसे वडिलांच्या खात्यात आहेत. उन्हाळा संपला की आम्ही त्याच्या फाईली मोजणार: लेन्स बदलूनही ३२०० च्या वर किती फोटो गेले. तो आकडा मोठा निघाला तर मीच त्याला बॉडी घ्यायला सांगेन.

तुमचा गृहपाठ: मागच्या तीन लग्नांच्या फाईली उघडा. प्रत्येक रात्रीच्या फोटोचा आयएसओ, अपर्चर आणि एडिटिंगमध्ये किती स्टॉप उचलला, हे वहीत लिहा. तीन रकाने, दोन तासांचं काम. ते झालं की कमेंटमध्ये आकडे टाका, पुढच्या व्हिडिओत त्यातले काही सोडवून दाखवतो.

भेटूया. सीझनच्या शुभेच्छा!