मरून जर्सीवरचा पांढरा आकडा

हदगावात हीट प्रेस घेऊन बसायचं म्हणजे वर्षाचे सण डोक्यात ठेवून बसायचं. १९ फेब्रुवारीला शिवजयंती, १४ एप्रिलला भीमजयंती, भाद्रपदात गणपती, आणि मधूनमधून गावोगावच्या कबड्डी-व्हॉलीबॉलच्या स्पर्धा. टी-शर्ट सगळ्यांनाच पाहिजेत, तेही उद्याच. आता तालुक्यातली बरीच पोरं हे मशीन घ्यायचं म्हणतात. कोणी विचारायला आलं की मी आधी मरून जर्सीची गोष्ट सांगतो, किमतीचं नंतर.

त्या जर्सी एका संघानं स्वतःच आणल्या होत्या, स्वस्तातल्या. पाठीवर पांढरी नावं आणि नंबर टाकायचे होते. नांदेडहून डीटीएफचे, म्हणजे फिल्मवर छापलेले, प्रिंट काढून आणले, १६० अंशांवर पंधरा सेकंद प्रेस मारला, गार झाल्यावर फिल्म सोलली. नंबर इतके पांढरेशुभ्र उठले की पोरांनी दुकानातच फोटो काढले. सकाळी संघ मैदानात उतरला तेव्हा सगळे नंबर गुलाबी. सातची वरची आडवी रेघ थोडीफार पांढरी राहिली होती, खालची दांडी पार गुलाबी. धुतलं की जाईल, असं कोणीतरी म्हणालं. ते जाणार नव्हतं, कारण डाग वरून पडलेला नव्हता, तो जर्सीतूनच आला होता.

पॉलिस्टरला जो रंग देतात त्याला डिस्पर्स रंग म्हणतात. भरपूर उष्णता मिळाली की हा रंग पातळ न होता थेट वाफ होतो, धाग्यातून सुटतो आणि वरच्या शाईत जाऊन बसतो. सब्लिमेशनची छपाई चालते ती याच गुणावर. तिथं आपण कागदावरचा रंग २०० अंशांच्या आसपास तापवून पांढऱ्या पॉलिस्टरमध्ये उतरवतो. मरून जर्सीत तेच उलटं घडलं, कापडाचा रंग प्रिंटमध्ये चढला. शिवाय प्रेस उचलला म्हणून हे थांबत नाही. रंग गार कापडातूनही हळूहळू सरकत राहतो. म्हणून दुकानात माल चोख दिसतो आणि भांडण दुसऱ्या दिवशी होतं. लाल, मरून आणि गडद निळ्या स्वस्त कापडात हा धोका सगळ्यात जास्त.

म्हणून कापड हातात आलं की पहिलं काम त्याची जात ओळखणं. लेबलवर जाऊ नका. आतल्या शिवणीतला एखादा धागा चिमट्यात धरून जाळा. सुती असेल तर कागदासारखा जळेल आणि भुरभुरीत राख पडेल. पॉलिस्टर असेल तर वितळून आक्रसेल आणि गार झाल्यावर काळा टणक मणी राहील. दोन्ही दिसलं तर कापड मिक्स आहे, त्याला पॉलिस्टरच समजा. मग पांढऱ्या पॉलिस्टरची चिंधी त्या कापडावर ठेवून, ज्या तापमानाला काम करायचं त्याच तापमानाला अर्धा मिनिट दाबा. चिंधीला गुलाबी झाक आली तर नेहमीचा प्रिंट तिथं चालणार नाही. प्रिंट काढणाऱ्याला सांगून प्रिंटच्या पाठीला १२०-१३० अंशांवर चिकटणारी पावडर किंवा रंग अडवणारी काळी पावडर वापरून घ्या. दोन्ही मिळत नसतील तर ऑर्डर सोडा. एक तुकडा मारून रात्रभर ठेवा, सकाळी बघा, मगच बाकीच्याला हात लावा. गिऱ्हाईक घाई करेल. करू द्या.

सुती कापडाला ही भानगड नाही, पण त्यावर सब्लिमेशन मारू नका. दोन धुण्यात चित्र फिकं पडतं.

विजेचं आमच्याकडचं दुखणं वेगळंच. साधारण १५ बाय १५ इंची प्रेस १८०० ते २००० वॅट ओढतो. पंखा-मोबाइलच्या पिनेवर आणि बारक्या वायरच्या एक्स्टेन्शनवर तो लावला तर वायर तापते, म्हणून १६ अँपिअरचा सॉकेट, जाड वायर आणि चांगली अर्थिंग आधी करून घ्या, मग मशीन आणा. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा २३० चं १९० झालं तरी प्रेसचा तवा सुमारे एक तृतीयांश कमी उष्णता देतो. मशीन तापतं, पण एकामागून एक टी-शर्ट घातले की पुन्हा तापायला वेळ लागतो. पडद्यावरचा आकडा खाली आला असेल तर थांबा. कडांना तापमान कमीच असतं, त्यामुळे मोठं चित्र कोपऱ्यातून उचलतं.

गणपतीच्या दिवसांत हवेत ओल असते. फिल्म उघडी राहिली की ओल धरते आणि प्रिंटखाली फोड येतात, म्हणून ती बंद पिशवीतच ठेवा. टी-शर्टला आधी तीन-चार सेकंद कोरा प्रेस द्या, त्यातली ओल निघते. बटण, कॉलर, शिवण तव्याखाली आली तर दाब तिथंच अडकतो आणि शेजारचं अक्षर सुटतं. त्या जागी आतून स्पंजचा तुकडा घाला. फिल्म काढल्यावर बटर पेपर ठेवून पुन्हा एकदा हलका प्रेस मारला की प्रिंट धाग्यात बसतो.

कपडे गिऱ्हाइकानं आणले असतील तर कापडाची जात पावतीवर लिहा, आणि पहिल्या तुकड्याची सही घेतल्याशिवाय बाकीचा माल मारू नका. देताना तोंडी सांगा: एक दिवस धुवू नका, मग उलटा करून गार पाण्यात धुवा, प्रिंटवर इस्त्री फिरवू नका. हे घरच्या बायकांना सांगणं जास्त उपयोगाचं, कारण धुणं बहुतेक घरांत त्याच करतात.